खुर्द्याची गणती

पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांस ज्या सावकारी पत्रातून प्रथम समजली म्हणून सांगतात, ते पत्र प्रत्येक मराठी वाचकास ठाऊक आहे. त्यात दोन मोत्यांचा उल्लेख होता, मोहरांचा आकडा होता. रुपये आणि खुर्दा किती गेला ह्याची मात्र गणती लागत नव्हती. पत्र लिहिणारा सावकार होता, इतिहासकार नव्हता, आणि त्याने आपले काम चोख केले. परंतु युद्धातील मृत्यूंविषयी जे जे ग्रंथ आम्ही वाचतो, ते ते वाचताना ह्या पत्राची आठवण आम्हांस होते. कारण अडीच शतकांनंतरही मोजदादीची रीत फारशी पालटलेली दिसत नाही.

गेले काही महिने आम्ही एका जर्मन गृहस्थाच्या मरणाचा शोध पुस्तकांतून घेत होतो. डोंबिवलीस बसून हा उद्योग करण्याचे प्रयोजन काय, असे आमच्या स्नेह्यांनी विचारले, आणि प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर असे की, हा जर्मन ज्या बोटीबरोबर बुडाला तिचे नाव ‘सिटी ऑफ बनारस’ असे होते, ती मुंबईच्या वाहतुकीसाठी बांधलेली होती, आणि तिच्यावरील बहुतेक नोकरवर्ग हिंदी होता. एका परकीयाच्या मरणाची चौकशी करू गेलो आणि घरच्या मयतापाशी येऊन पोहोचलो, असे झाले.

गृहस्थाचे नाव रूडॉल्फ ओल्डेन. जन्म १८८५ साली श्टेटिन येथे. व्यवसायाने वकील, वृत्तीने पत्रकार. बर्लिनच्या ‘बर्लिनर टागेब्लाट’ ह्या वजनदार दैनिकातील त्याचे लेखन जर्मनीत आदराने वाचले जाई. कार्ल फॉन ओसिएत्झ्की ह्या शांततावादी संपादकावर १९३१ साली देशद्रोहाचा खटला झाला, त्यात बचावाच्या वकिलांपैकी हा एक होता. आणि पुढे ओसिएत्झ्की नाझींच्या बंदिवासात असता त्यास १९३५ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळावे म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांतही हा होता. १९३३ च्या फेब्रुवारीत राइशस्टागची आग लागली आणि ओल्डेनने देश सोडला. प्रागहून पॅरिसला व तेथून इंग्लंडला असा त्याचा प्रवास झाला. ग्रीक वाङ्मयाचे विख्यात पंडित गिल्बर्ट मरे ह्यांनी ऑक्सफर्डजवळच्या बोअर्स हिल येथे त्यास आसरा दिला. हिटलरवरील त्याचे पुस्तक १९३६ साली इंग्रजीत निघाले. त्याच साली जर्मनीने त्याचे नागरिकत्व काढून घेतले. परागंदा जर्मन लेखकांच्या पेन क्लबचे चिटणीसपण त्याने केले, आणि कोणास प्रवेशपत्र, कोणास पैसे, कोणास नुसते धीराचे पत्र, अशी सोय लावण्यात त्याची वर्षे गेली.

अशा माणसास इंग्लंडने १९४० च्या उन्हाळ्यात कैद केले. फ्रान्स पडला होता, आक्रमणाची भीती होती, आणि जर्मन जन्माचा प्रत्येक मनुष्य हा शत्रुराष्ट्राचा मनुष्य ठरला होता. वास्तविक ह्याआधीच न्यायमंडळे बसवून सत्तर हजारांहून अधिक परकीयांची छाननी झाली होती, आणि त्यांतील फार मोठी संख्या निरुपद्रवी ठरली होती. पण भीती ही कागद वाचीत नाही. त्याच जुलैच्या २ तारखेस ‘आरांडोरा स्टार’ ही बोट अशाच इटालियन व जर्मन कैद्यांस कॅनडाकडे नेत असता बुडविली गेली आणि आठशेंहून अधिक माणसे मेली. तेव्हा कोठे इंग्लंडातील लोकमताचा सूर बदलू लागला.

हा प्रकार आपल्याकडेही घडून गेला आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये मुंबई इलाख्यातील जर्मनांची धरपकड झाली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधील दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग हे तिच्यात सापडले. अहमदनगर, देवळाली, पुढे पुरंदर व सातारा अशा ठिकाणी छावण्या होत्या. नगरला जावयाचे असो की देवळालीस, आगगाडी कल्याणावरूनच जाते. पहाऱ्यातील ते डबे कल्याण जंक्शनात पाणी घेण्यास थांबत असतील तेव्हा फलाटावरील लोकांनी आत कोण आहे असे समजून त्यांकडे पाहिले असेल? हिटलरचे भक्त आणि हिटलरपासून पळालेले ज्यू ह्या दोहोंसही ह्या छावण्यांचे दार दिसले. दारावरच्या वहीत दोघांचाही जन्मदेश एकच लिहिला जाई.

असो. काही आठवड्यांनी ओल्डेनची सुटका झाली. न्यूयॉर्कच्या ‘न्यू स्कूल’ ह्या विद्यालयात त्यास जागा मिळाली होती. प्रकृती ढासळलेली होती. लहानगी मुलगी अगोदरच अटलांटिकपार पाठविलेली होती. १३ सप्टेंबर १९४० रोजी लिव्हरपूलहून पत्नी इका हिच्यासह तो ‘सिटी ऑफ बनारस’ने निघाला.

ही बोट एलरमन कंपनीच्या सिटी लाइनची, ११,०८१ टनांची. १९३६ साली क्लाइडबँक येथे बांधली गेली व त्याच साली पहिल्या सफरीस मुंबईकडे निघाली. ह्या खेपेस तिच्यावर सरकारी योजनेतून कॅनडास पाठविली जाणारी ९० इंग्रज मुले होती. १७ सप्टेंबर रोजी रक्षक विनाशिका ताफा सोडून गेली, आणि त्याच रात्री वादळी समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे सहाशे मैलांवर, ‘यू-४८’ ह्या पाणबुडीने पाणतीर मारला. अर्ध्या तासाच्या आसपास बोट बुडाली. ‘हरिकेन’ ही विनाशिका दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोहोचली. तोवर होड्यांत बसलेली पुष्कळ माणसे, विशेषतः मुले, थंडीनेच गेली होती. ९० मुलांपैकी ७७ मेली. बारा क्रमांकाची होडी तर कोणाच्या लक्षातच आली नाही; ती आठ दिवस वाहत राहिली आणि मग विमानास दिसली. मृतांत पार्लमेंटचा एक सभासद होता. टोमास मान ह्या जर्मन कादंबरीकाराचा जावई, कलेतिहासकार येनो लान्यी, होता. मानची कन्या मोनिका होडीस धरून राहून वाचली. ओल्डेन पतिपत्नी दोघेही गेली.

आता ह्या मरणाचा वृत्तान्त. तो बहुधा असा सांगितला जातो: ओल्डेन आजारी होता, खोलीतून निघण्याचे बळ त्यास नव्हते, इकेस होडीत जागा मिळत होती, परंतु नवऱ्यास टाकून जाण्यास ती तयार झाली नाही. मराठी वाचकाच्या मनावर ह्या चित्राचा पगडा लगेच बसतो, आणि म्हणूनच आम्ही ते संशयाने पाहतो. सहगमनाच्या कथा ऐकत वाढलेल्या समाजास अशी कथा खरीच वाटावयाची. पण खोलीत जर दोघेच होती, आणि दोघेही मेली, तर हे सांगणारा साक्षीदार कोठे उभा होता? कोणी इकेस होडीकडे बोलाविले असेल, तिने मान हलविलेली कोणी पाहिली असेल, आणि बाकीचे पुढे भरले गेले असेल. कथा खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. इकेच्या निष्ठेविषयीही शंका नाही. एवढेच की, जे पाहिले गेले आणि जे त्यावरून समजले गेले ह्यांतील रेघ चरित्रकाराने पुसू नये.

ही रेघ पुसली की काय होते ह्याचे एक लहानसे उदाहरण मृत्युदिनात सापडते. कोणी १७ सप्टेंबर लिहितात, कोणी १८. हा मुद्रणदोष नव्हे. पाणबुडीची वही जर्मन घड्याळाप्रमाणे चाले, आणि तिच्यात पाणतीराची वेळ १८ तारखेची मध्यरात्र उलटून गेल्यावरची आहे. बोटीवरच्या घड्याळात त्या वेळी १७ तारखेचे रात्रीचे दहा वाजून गेले होते. बोटीवरील मनुष्यास बोटीचे घड्याळ लावावे हे उघड आहे, तेव्हा १७ हीच तिथी बरी. पण ती केव्हा? तो खोलीत राहून बोटीबरोबरच गेला हे धरले तर. होडीत बसून थंडीने गेला असेल तर पहाट उजाडलेली असणार, आणि तिथी १८ होते. म्हणजे कोशात शांतपणे छापलेला हा १७ चा आकडा त्या खोलीच्या कथेवर उभा आहे! आमचे मत त्याच आकड्याकडे झुकते. परंतु वाचकास त्याचा पाया दाखवावयास हवा होता.

अशा शोधाची साधने इंग्लंडात विपुल आहेत. क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात परकीयांच्या छाननीची पत्रे आहेत, बंदरातून निघालेल्या उतारूंच्या याद्या आहेत, समुद्रावर मेलेल्यांच्या वह्या आहेत. ज्या सरकारने ओल्डेनवर संशय घेतला त्याच्याच संशयामुळे त्याची कागदोपत्री नोंद झाली, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. पेन क्लबचा पत्रव्यवहार फ्रँकफुर्टच्या संग्रहात जाऊन बसला आहे. आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत शत्रूच्या हल्ल्यात मेलेल्या नागरिकांची सात खंडांची नामावली ठेविली आहे. तीत सुमारे ६७,००० नावे असून रोज एक पान उलटले जाते. ह्या नामावलीची व्याख्या ब्रिटिश राष्ट्रकुलातील नागरिक अशी आहे. जर्मनीने १९३६ साली काढून टाकलेला आणि इंग्लंडने आपला न म्हटलेला ओल्डेन कोणत्या राष्ट्राच्या वहीत मेला? हा प्रश्न नुसता कायद्याचा नाही. मरणाची नोंद करणारा कारकून आधी मृताचा देश विचारतो.

तरीही ओल्डेनचे मरण सापडते. तो लेखक होता. त्याचे मित्र लेखक होते. लेखकांची माणसे आठवणी लिहितात. १९४६ साली त्याचा जर्मनीतील स्वातंत्र्याचा इतिहास मरणोत्तर इंग्रजीत प्रसिद्ध झाला, आणि २०१० साली फ्रँकफुर्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याच्यावर प्रदर्शन भरविले. मोती हरवले, पण त्याचा तेजोमय ठिपका कागदावर राहिला.

ह्या बोटीवर जी पुस्तके झाली त्यांतील तीन विशेष विचारात घेण्यासारखी आहेत. पहिले एल्स्पेथ हक्स्ले ह्यांचे ‘अटलांटिक ऑर्डील’, १९४१ चे. म्हणजे युद्ध ऐन भरात असतानाचे. बाराव्या होडीत सहा मुलगे होते व त्यांच्याबरोबर मेरी कॉर्निश ही संगीतशिक्षिका होती. आठ दिवस तिने त्या मुलांस साहसकथा रचून सांगत जागे ठेविले. पुस्तक लहान आहे, आणि बाईंच्या धैर्यापुढे मान लवते. पण ते ज्या वर्षी लिहिले गेले त्या वर्षाचे काम त्यास करावयाचे होते, हे दृष्टीआड करून चालणार नाही. दुसरे राल्फ बार्कर ह्यांचे १९८७ चे पुस्तक. ते दप्तरे वाचून लिहिलेले असून त्याच्या उपशीर्षकातच ‘युद्धगुन्हा’ हा शब्द आहे. शब्द आम्हांस जड वाटतो. बोट लष्करी संरक्षणाच्या ताफ्यात चालत होती, तिच्यावर मुले असल्याची खूण नव्हती, आणि पाणबुडीचा कप्तान ब्लाइखरोट ह्यास ते ठाऊक होते असे सिद्ध झाले नाही. शोकाने आरोप करावा हे समजते. इतिहासाने मथळ्यातच निकाल देऊ नये. तिसरे टॉम नागोर्स्की ह्यांचे ‘मिरॅकल्स ऑन द वॉटर’, २००६ चे. लेखकाचे एक पोलिश आप्त त्या बाराव्या होडीतच होते. तिघांत हे आम्हांस सर्वांत आवडले. वृद्ध झालेल्या त्या मुलांच्या तोंडून ऐकलेली हकीकत त्यात जिवंत उतरली आहे.

पण आता बाराव्या होडीतील माणसे मोजू. एकंदर ४६. सहा मुलगे, एक शिक्षिका, एक पाद्री, एक पोलिश उतारू, चार-पाच इंग्रज दर्यावर्दी. बाकीचे, म्हणजे तीसहून अधिक, हिंदी खलाशी. होडी आठ दिवस ज्यांनी भरली होती ते हेच. पण हक्स्लेबाईंच्या पानांवर ते एका गठ्ठ्यासारखे बसलेले आहेत: थंडीने गारठलेले, आपसांत आपल्या भाषेत बोलणारे, अल्लाची प्रार्थना करणारे. त्यांचा एकेक चेहरा वेगळा होत नाही. त्यांस मुले होती काय, त्यांनीही एकमेकांस काही गोष्टी सांगितल्या काय, त्या गोष्टी कोणत्या मुलखाच्या होत्या, हे शिक्षिकेस कळण्याचा मार्ग नव्हता. ती त्यांची भाषा जाणत नव्हती. तिला दोष देणे अन्यायाचे होईल. दोष असला तर पुढच्या पाऊणशे वर्षांचा आहे.

संपूर्ण बोटीचा हिशेबही तसाच. मृतांचा एकूण आकडा कोठे २४८ आहे, कोठे २५८, कोठे २६०. ९० पैकी ७७ हा मुलांचा आकडा मात्र कोणी चुकवीत नाही; तो प्रत्येक पुस्तकात एकच आहे, कारण प्रत्येक मुलामागे नाव, गाव, शाळा, आईबाप ह्यांची यादी होती. हिंदी नोकरवर्गापैकी शंभराच्या आसपास मेले, असे म्हणून लेखक पुढे जातो. ‘आसपास’ हा शब्द आम्हीही आताच वापरला, आणि तो लिहिताना लेखणी अडखळली.

हे खलाशी कोण होते? मुंबई बंदरात बोटींवर भरती होणाऱ्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मुसलमान आणि गोमंतकातील ख्रिस्ती ह्यांचा भरणा मोठा असे. सारंगामार्फत भरती होई, आणि त्याच्या मर्जीवर पुढची नोकरी अवलंबून राही. वेतन गोऱ्या खलाश्याच्या मानाने एक तुकडा. १९३९ साली लढाई सुरू होताच इंग्लंडच्या बंदरांत हिंदी खलाश्यांनी वेतनवाढीसाठी काम बंद पाडले, तेव्हा त्यांतील शेकडो जणांस तुरुंगात टाकण्यात आले. ह्याच तुरुंगवासाच्या पुढच्या वर्षी ‘बनारस’ निघाली. ओल्डेनला संशयाने कोंडले आणि खलाश्यांस मागणीने. दोहोंस सोडले ते ह्याच समुद्रावर.

दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अखंड हिंदुस्थानच्या सुमारे सहा हजार व्यापारी खलाश्यांची नावे मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या खलाशीगृहातील स्मारकात नोंदलेली आहेत. तीच नामावली चितगावासही आहे. म्हणजे नावे अगदीच नाहीत असे नाही. डोंबिवली, कल्याण, ठाणे येथून निघालेली आगगाडी रोज मस्जिद स्थानकावर थांबते, आणि आम्ही स्वतः वर्षानुवर्षे तेथून पुढे गेलो आहोत. परंतु नाव म्हणजे मरणाचा वृत्तान्त नव्हे. इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले, बापाच्या नावाशी चिकटलेले, गावाचा उच्चार मोडलेले नाव. ते कोणत्या वाडीचे, हे तेथल्याच माणसास ओळखता यावयाचे. इंग्रज ग्रंथकारास ते कधीही साधणार नाही. ह्या कामाचा आळ परक्यांवर घालणे आम्हांस शोभत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चे; चरित्रांनी कपाटे भरलेली आहेत. त्या चरित्रांतून खलाश्याचे चरित्र आमच्या वाचनात आलेले नाही.

येथे ओल्डेनचीच एक हकीकत सांगावयाची राहिली. योसेफ याकुबोव्स्की नावाचा एक मनुष्य विल्न्याच्या बाजूचा. पहिल्या महायुद्धात रशियन सैन्यातून जर्मनांच्या हाती सापडला आणि मेक्लेनबुर्गमध्ये शेतमजूर म्हणून राहिला. एका लहान मुलाच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला. जर्मन भाषा त्यास मोडकी येई; दुभाषी देण्यात आला नाही. १५ फेब्रुवारी १९२६ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. नंतर खटल्याचा पायाच डळमळीत असल्याचे दिसू लागले. मेलेल्या माणसाचा वकील कोणी नसतो; परंतु ओल्डेनने योसेफ बोर्नश्टाइन ह्याच्यासह १९२८ साली ह्या प्रकरणावर पुस्तक लिहिले, न्यायाने केलेला खून असे त्यास उघड म्हटले, आणि साक्षी एकेक करून तपासल्या. १९२९ साली त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांस शिक्षा झाली. याकुबोव्स्की परदेशी होता, गरीब होता, त्याची भाषा कोर्टास समजत नव्हती, आणि त्याच्यामागे कागद लिहिणारे कोणी नव्हते. हे वर्णन बाराव्या होडीतील माणसांस जसेच्या तसे लागू पडते.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड काढला तो पानिपतपर्यंतच्या दहा-बारा वर्षांच्या पत्रांचा. त्यासाठी ते गावोगाव माळे धुंडीत हिंडले. खलाश्यांची दप्तरेही माळ्यावरच असणार. प्रत्येक सफरीचा शिक्का असलेली पुस्तिका, कंपनीकडून आलेले इंग्रजी पत्र जे घरात कोणास वाचता आले नाही, नुकसानभरपाईच्या पैशाची पावती, एखादे छायाचित्र. रत्नागिरी-रायगडातील कित्येक घराणी पुढे मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण येथे येऊन राहिली आहेत, आणि घर बदलताना जुन्या पेट्या बहुधा भंगारात जातात. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या शेजारी वा ओळखीत असे घर असेल, तर पेटी टाकण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावयास सांगावे. पुस्तिकेत १९४० चा सप्टेंबर असेल आणि त्यापुढचे पान कोरे असेल, तर त्या माणसाचे नाव, बापाचे नाव आणि वाडी, घरातील वडील माणसे उच्चारतात तशी, देवनागरीत लिहून आम्हांकडे पाठवावी.